कॅरो-कान ॲडव्हान्स: काळ्याचा उंट पुन्हा पुन्हा का अडकतो, आणि वाचला तरी डाव का घुसमटतो

तक्रार नेहमी एकच असते. बुद्धिबळात काळी मोहरी, कॅरो-कान बचाव (पांढऱ्याच्या ई४ ला सी६ हे उत्तर), आणि पांढऱ्याने तिसऱ्या खेळीला प्यादं ई५ वर ढकललं, म्हणजे ॲडव्हान्स. आपण शिकल्याप्रमाणे उंट एफ५ वर काढला, मागोमाग ई६ खेळलो, आणि आठव्या खेळीच्या आत तो उंट पटाबाहेर. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. ज्यांचा उंट वाचतो त्यांची तक्रार वेगळी: "काही चुकलं नाही, पण हलायलाच जागा उरली नाही."

आम्ही डिचोलीत रविवारी सकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. देवळाच्या सभामंडपाला लागून एक खोली आहे, तिथे आठ पट मांडतो. २०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला विश्वचषक झाला, २०६ खेळाडू गोव्यात उतरले, आणि तेव्हापासून आमचे आठ पट पुरत नाहीत. मुलं मोबाइलवर ओपनिंगचे व्हिडिओ बघून येतात. त्यात खेळ्या असतात, त्या पाठही होतात. खेळी तिथे का खेळायची हे मात्र बहुतेकदा राहून जातं.

त्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा जुलैत मडगावची स्पर्धा खेळून आला. बाहेर पाऊस कोसळत होता. त्याने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चार स्कोअरशीट (डावाच्या खेळ्या लिहिलेले कागद) काढल्या, माझ्यापुढे ठेवल्या आणि एवढंच म्हणाला, "सर, उंट परत गेलो." म्हणजे, उंट पुन्हा गेला. वर्गात आम्ही मराठी बोलतो, पण दुखलं की त्याच्या तोंडून कोकणीच येते.

लाल पेन घेऊन मी प्रत्येक शीटवर उंट जिथे अडकला तिथे गोल केला. दोन डावांत जी६, एका डावात ई४. चौथ्या शीटवर गोल करायला जागाच नव्हती. त्यात उंट शेवटपर्यंत जिवंत होता, आणि तरी तो डाव सगळ्यांत वाईट हरला होता. तो चौथा डाव मला महत्त्वाचा वाटला, त्याच्याकडे पुढे येतो.

आधी सुरुवात नीट मांडून घेऊ. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५. (आकड्यापुढे आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची; आकड्यानंतर तीन टिंबं असली तर खेळी काळ्याची.) कॅरो-कानचं मोठं सुख हेच, की पांढऱ्या घरांतला उंट ई६ च्या आधी बाहेर पडतो. फ्रेंच बचावात (१. ई४ ई६) तो सी८ वर आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. इथे तो मोकळा असतो. पण हे सुख उधारीवर मिळालेलं आहे. उंट बाहेर आला म्हणजे काम झालं, असं समजलं की दोन्ही दुखणी मागे लागतात.

उंटाची घरं मोजा

पट समोर घ्या आणि एफ५ वरच्या उंटावर बोट ठेवा. त्याला दोन तिरक्या वाटा आहेत. एक मागे घराकडे जाते: ई६, डी७, सी८. दुसरी बी१ पासून एच७ पर्यंतची: पुढे ई४ आणि डी३, मागे जी६, आणि एच७ वर आपलंच प्यादं उभं. आता ई६ खेळा. घराकडची वाट आपण स्वतःच्या हाताने बंद केली. पांढऱ्याने जी४ ढकलून उंटाला हटकलं, तर डी३ वर पांढऱ्याच्या उंटाचा आणि प्याद्याचा जोर आहेच. मग उरली फक्त दोन घरं, जी६ आणि ई४. जी६ वर एच५ चं प्यादं मारतं. ई४ वर एफ३ चं प्यादं मारतं. दोन घरं आणि त्यांच्यासाठी दोन प्यादी. पांढऱ्याला कसलंही कॉम्बिनेशन शोधावं लागत नाही.

आता मुलाची पहिली शीट. ४. एच४ ई६. इथेच डाव गेला. ५. जी४ उंट ई४. उंट एच१ वरच्या हत्तीकडे बघतो आणि मुलाला वाटतं, सुटलो, उलट आपणच हल्ला केला. ६. एफ३. या एका प्याद्याने हत्तीही झाकला आणि उंटालाही हाकललं. ६... उंट जी६ ७. एच५, संपलं. उंट सी२ चं प्यादं मारून मरतो, वजीर त्याला घेतो. उंटाच्या बदल्यात एक प्यादं. पाचव्या खेळीला उलट क्रम धरला तरी शेवट तोच: ५... उंट जी६ ६. एच५ उंट ई४ ७. एफ३. मुलं हमखास विचारतात, ई६ मुळे वजिराची वाट उघडली आहे, तर एच४ वर शह का देऊ नये? कारण एच-प्यादं पुढे गेल्याने एच१ च्या हत्तीलाही वाट मोकळी झाली आहे. तो सरळ वजीर मारतो.

म्हणून पहिला उपाय एका वाक्यात मावतो. पांढऱ्याचं प्यादं एच४ वर आलं असेल, तर ई६ च्या आधी त्या प्याद्याला उत्तर द्या. उत्तरं दोन आहेत.

४... एच५ हे मी मुलांना शिकवतो. जी४ घर आता आपल्या प्याद्याच्या ताब्यात आलं, त्यामुळे जी४ ढकलणं म्हणजे पांढऱ्याने एक प्यादं फुकट देणं. याची किंमतही आहे, आणि ती न सांगता ही खेळी शिकवू नये. जी५ हे घर आपण कायमचं देऊन टाकतो. पांढऱ्याचा काळ्या घरांतला उंट तिथे येऊन बसतो आणि त्याला एच६ ने हटकता येत नाही. एफ६ ने हटकता येतं, पण मग ई६ उघडं पडतं. तो उंट जी५ वर आला की लगेच बी२ बघायचं. ते राखणारा उंट निघून गेला, म्हणून वजीर बी६ वर न्यायचा. बी२ आणि डी४ या दोन्हींवर एकदम नजर जाते.

४... एच६ मध्ये उंटाला एच७ चं घर मिळतं, पण त्या घराच्या भरवशावर राहू नका. ५. जी४ उंट एच७ खेळलात तर पांढरा ६. ई६ करून प्यादं देतो. एफ-प्याद्याने ते मारलं की ७. उंट डी३. उंटांची अदलाबदल झाली, पांढऱ्याचा वजीर डी३ वर आला, आणि तिथून जी६ वर शह तयार. राजा मधेच अडकतो, कॅसलिंग (राजाला कोपऱ्याकडे हत्तीआड नेणं) जातं. बरोबर खेळी ५... उंट डी७ ही आहे. ई६ अजून खेळलेलं नाही, म्हणजे घराकडची वाट उघडी आहे. मग तिचा उपयोग का करू नये? १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत तालने बोटविनिकसमोर एच४ आणि जी४ हीच चढाई आणली होती, आणि बोटविनिकने उंट डी७ वर परत नेला होता. मुलांना मागे जायची लाज वाटते. पटावर त्या क्षणी काय झालंय ते त्यांना दाखवावं लागतं: पांढऱ्याने दोन खेळ्या खर्चून राजाच्या बाजूची प्यादी पुढे काढली, तिथे आता कॅसलिंग करायला त्याला नीट आसरा राहिला नाही, आणि आपण सी५ खेळायला मोकळे आहोत.

पांढऱ्याने चौथ्याच खेळीला जी४ केलं तरी मी उंट डी७ वरच पाठवतो. ई४ वर जाण्याची लाइन चांगली आहे, पण तिथे पांढऱ्याचं एफ३, आपला उंट जी६ वर, पांढऱ्याचं एच४, आणि त्यानंतर आपलं एच५ अचूक वेळी यावं लागतं, आणि नंतर पांढऱ्याचं ई६ चं बलिदान सोसावं लागतं. रेटिंग वाढल्यावर ती जरूर शिकावी.

४. घोडा सी३ ही लाइन वेगळी मोजायची. इथे ई६ खेळायला हरकत नाही, कारण पांढऱ्याचं एच-प्यादं अजून एच२ वर आहे. ५. जी४ उंट जी६ ६. घोडा जी-ई२ (जी१ वरचा घोडा ई२ वर), आणि आता वेळ घालवायचा नाही: लगेच ६... सी५. पांढरा बाजूने धावतोय, तेव्हा त्याला मधे मारायचं. ७. एच४ आलं की त्याच खेळीला एच५ किंवा एच६ खेळून उंटाची सोय करायची, एकही खेळी मधे घालायची नाही. माझ्या बघण्यातले या लाइनमधले बरेच पराभव एकाच खेळीत आहेत: एच४ पडल्यावर "आधी घोडा डी७ वर काढून घेऊ, मग बघू."

चौथी शीट

चौथ्या डावात पांढऱ्याने ४. घोडा एफ३ ई६ ५. उंट ई२ खेळलं होतं. ग्रँडमास्टर नायजेल शॉर्टच्या नावाने ओळखली जाणारी ही शांत पद्धत. धमकी काही नाही, जी४ नाही, एच४ नाही. मुलगा खूश. घोडा डी७, घोडा ई७, एच६, उंट एच७. उंट आता कोणाच्या बापाला सापडणार नाही. पण एफ८ वरचा दुसरा उंट ई७ च्या घोड्यामागे बंद, डी७ च्या घोड्याला पुढे चांगलं घर नाही, राजा अजून ई८ वर. पांढऱ्याने सावकाश कॅसलिंग केलं, सगळी मोहरी बाहेर आणली, मग एफ-प्यादं चालवत नेलं. चोविसाव्या खेळीला काळ्याकडे अशी एकही खेळी नव्हती जिच्याने काही बिघडणार नाही.

मी त्याला म्हटलं, "शीटवर सी५ शोध." त्याने बोट फिरवत वरपासून खालपर्यंत सगळा रकाना वाचला. सी५ कुठेच नव्हतं. मग त्याने स्वतःहून पहिल्या तीन शीटही पाहिल्या. त्यांतही नव्हतं.

ॲडव्हान्सचं सगळं राजकारण डी४ आणि ई५ या दोन प्याद्यांत आहे. ई५ पुढे टोकाला आहे, पण ते उभं आहे डी४ च्या जोरावर. अशा साखळीला बुडाशी मारायचं, हे जुन्या पिढीतला मोठा खेळाडू निमझोविच याने आग्रहाने मांडलं, आणि गोव्याच्या मुलांना ते समजायला वेळ लागत नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध त्यांनी पाहिलेला असतो. तो वरून दिसायला कितीही भक्कम असो, खेकड्यांनी बुडाला भोकं पाडली की भरतीच्या पाण्याला तेवढं पुरतं. सी५ हे ते भोक. त्यानंतर प्रत्येक मोहऱ्याने डी४ कडेच बघायचं: एक घोडा सी६ वर, वजीर बी६ वर, दुसरा घोडा ई७ वरून एफ५ वर.

सी-प्यादं आधी सी६ वर आणि मग सी५ वर, म्हणजे दोन खेळ्या लागल्या. फ्रेंचमध्ये ते एका खेळीत जातं. मुलं विचारतात, मग आपण मागे नाही का पडलो? एका खेळीने पडलो, हे खरं. बदल्यात पांढऱ्या घरांतला उंट बाहेर आहे. पण तो व्यवहार तेव्हाच फायद्याचा, जेव्हा सी५ खरंच खेळलं जातं. नाही तर एक खेळीही गेली आणि जागाही गेली.

एक अडचण इथे येते, आणि ती फार कमी जण सांगतात. घोड्याला एफ५ हवं आहे, पण तिथे आपलाच उंट बसलेला असतो. त्याने उठायला हवं. तो जी६ वर सरकू शकतो, किंवा जी४ वर जाऊन एफ३ चा घोडा मारू शकतो. तो घोडा डी४ ला जोर देतो, तो गेला की डी४ आणखी हलकं होतं. इतक्या कष्टाने बाहेर काढलेला उंट घोड्यावर देऊन टाकायचा, हे मुलांना पटत नाही. त्यांना मी एकच प्रश्न विचारतो: डी४ वर आता किती मोहरी मारतायत, आणि किती सांभाळतायत?

सी५ चे धोकेही सांगितले पाहिजेत. सी-प्यादं पुढे गेलं की बी५ घर उघडं पडतं. पांढऱ्याचा घोडा सी३ वर असेल, आणि आपला वजीर बी२ चं प्यादं खायला गेला असेल, तर घोडा बी५ वर येऊन सी७ वर शह आणि हत्ती असा दुहेरी मारा धरतो. बी२ खाण्याआधी हे मोजा, दर वेळी. दुसरं, राजा मधे असताना पांढरा सी४ खेळून सगळं उघडायला बघेल. त्याच्याकडे मोहरी जास्त बाहेर असतील तर मारामारीची घाई करू नका, आधी ई७ चा घोडा सी६ वर घ्या, एफ८ चा उंट मोकळा करा. पांढऱ्याने डी-प्याद्याने सी५ मारलं तर घाबरण्याचं कारण नाही. ई५ चा जोर त्याने स्वतःच काढून घेतला, आणि आपला उंट एका खेळीत सी५ वर बाहेर आला.

एक डाव पाठ करा

पाठांतर मी एकाच डावाचं सांगतो: निमझोविच विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका, न्यूयॉर्क, १९२७. साखळीच्या बुडावर मारा सांगणारा निमझोविच इथे स्वतः ती साखळी घेऊन बसला आहे, आणि ती फोडणारा समोर आहे. ४. उंट डी३, आणि कापाब्लांकाने उंट लगेच देऊन टाकला: त्याचा उंट डी३ चा उंट मारतो, पांढऱ्याचा वजीर त्याला मारतो, ५... ई६. अडकण्याचा प्रश्नच मिटला. सहाव्या खेळीला वजीर बी६, सातव्या खेळीला सी५. तेराव्या खेळीला घोडा एफ५ वर. पांढऱ्याने जी४ करून त्या घोड्याला हटकलं तेव्हा त्याने ई३ वरचा उंट मारला आणि पुढच्याच खेळीला एच५ करून राजाच्या बाजूची प्यादी जागीच रोखली. मग सी-फाइलवर हत्ती आले, वजीर पांढऱ्याच्या छावणीत शिरला, आणि ४६ व्या खेळीला पांढऱ्याकडे हलवायला काही उरलं नव्हतं. चौथ्या शीटवर काळ्याची जी गत झाली होती, तीच इथे पांढऱ्याची.

हा डाव पटावर मांडताना आठव्या खेळीनंतर थांबा आणि पांढऱ्याचा काळ्या घरांतला उंट पाहा. ई५ आणि पुढे एफ४ ही त्याची स्वतःची प्यादी काळ्याच घरांवर येऊन बसतात. अदलाबदलीनंतर त्याच्याकडे उरतो तो असा उंट, म्हणून या रचनेत शेवटाकडे जाणं काळ्याला मानवतं. पांढऱ्याने डी३ वर अदलाबदल होऊ दिली की वजीर ए५ वर शह देऊन ए६ वर न्यायची युक्ती याच कारणासाठी आहे. पांढऱ्याचा वजीर डी३ वर असतो, वजिरांची अदलाबदल समोर ठेवायची. वजीर गेले की हल्ल्याची भीती गेली, आणि डी४ तसंच दुबळं राहिलं.

सराव कसा घेतला तेही सांगतो. तीन रविवार आम्ही पट पहिल्या खेळीपासून मांडलाच नाही. चौथी खेळी पांढऱ्याने खेळलेली आहे अशी स्थिती ठेवायची: कधी एच४, कधी जी४, कधी घोडा सी३, कधी घोडा एफ३, कधी उंट डी३. काळ्याने हात लावण्याआधी उंटाची घरं मोठ्याने म्हणायची: "डी७, सी८, ई६ पण मोकळं, जी६, ई४." मग ई६ खेळलं तर कुठली घरं जातील ते म्हणायचं. मग खेळायचं, दहा मिनिटांचा डाव. दहाव्या खेळीपर्यंत सी५ आलं नाही, तर डाव थांबवून का नाही आलं ते सांगायचं. कारण पटलं तर डाव पुढे. खोलीत गोंगाट फार झाला, देवळातले भटजी दोनदा डोकावून गेले, पण तिसऱ्या रविवारी एच४ पडल्यावर ई६ कडे एकाचाही हात गेला नाही.

गणेश चतुर्थीच्या सुटीनंतर तो मुलगा फोंड्याची स्पर्धा खेळून आला. एकच शीट दाखवायला आणली होती. सातव्या खेळीपुढे सी५ लिहिलेलं, इतकं दाबून की कागद मागून उठला होता. डाव तो हरला होता, छप्पन्न खेळ्यांत, हत्तीच्या एंडिंगला (डावाच्या शेवटच्या टप्प्याला) एक प्यादं कमी पडून. मी लाल पेन काढलं आणि उंट कुठे पडला ते शोधलं. डी३ वर, चौथ्या खेळीला, उंटाच्या बदल्यात उंट. "सर, एंडिंग कधी घेणार?" त्याने विचारलं. येत्या रविवारपासून हत्तीची एंडिंग घेतोय.